सहल मुंबईहून सुटते, आपण धाराशिवहून

परदेशी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवसाला बहुधा दोनच ओळी मिळतात. मुंबई विमानतळावर भेट, रात्रीच्या विमानाने प्रस्थान. पुढच्या प्रत्येक दिवसाला मात्र अर्धं पान असतं. कोणता मनोरा, कोणती बोट, दुपारच्या जेवणात काय, सगळं सविस्तर. घरात ती पत्रिका हातोहात फिरते ती या पुढच्या पानांसाठी. धाराशिव जिल्ह्यातल्या कुटुंबाने आधी त्या दोन ओळी नीट तपासाव्यात आणि मगच पैसे भरावेत, असं माझं मत आहे. सहल आनंदाची होणार की ओढाताणीची, हे आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत बरंचसं तिथेच ठरतं.

या जिल्ह्यात परदेशी सहलीवर लिहायचं, तर आधी एका आक्षेपाला सामोरं जावं लागतं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी केली. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपला. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने शेतं खरवडून नेली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. युरोपच्या दहा-बारा दिवसांच्या सहलीला माणशी तीन लाख धरले, तर हमीभावाच्या हिशेबाने ते छप्पन क्विंटल सोयाबीन होतं, आणि हमीभाव प्रत्येकाच्या पदरात पडतो असंही नाही. अशा मुलखात परदेशवारीची चर्चा कशाला, असं कुणी विचारलं तर त्याला गप्प बसवावं असं मला वाटत नाही.

तरीही माणसं जातात. कळंबचे व्यापारी जातात, उमरग्याचे डॉक्टर जातात, निवृत्त शिक्षक फंडाचे पैसे आल्यावर जातात, आणि पुण्या-बंगळुरात नोकरी करणारी मुलं-मुली हट्टाने आई-वडिलांना नेतात. ज्यांनी उभी हयात मुलांच्या फिया भरण्यात आणि बोअरला पाणी लागेल का या काळजीत घालवली, त्यांनी एकदा जग पाहावं, ही इच्छा उधळपट्टीत मोडत नाही. पैसा इतक्या कष्टाचा आहे म्हणूनच त्यातला पहिला दिवस वाया जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

थायलंडचं उदाहरण घेऊ. २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांसाठी तिथली व्हिसाची अट उठली, तेव्हापासून पहिल्या परदेशवारीसाठी बरीच कुटुंबं तोच देश निवडतात. विमान रात्री एकचं धरू. तीन तास आधी, म्हणजे दहाला विमानतळावर हजर व्हायचं. धाराशिव ते मुंबई अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याची गर्दी, लोणावळ्याचा घाट आणि शेवटी मुंबईत शिरण्याचा वेळ धरला तर आठ-नऊ तास हाताशी ठेवावेच लागतात. म्हणून गाडी दुपारी बारा-साडेबाराला दारातून हलते. त्याआधी घरातली बाई पहाटे चारला उठलेली असते. वाटेसाठी धपाटे भाजायचे, शेंगाची चटणी बांधायची, दूधवाल्याला सांगायचं, शेजारी किल्ली द्यायची, देवापुढे दिवा लावायचा. विमान चार-सव्वाचार तासांचं, आणि बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. तिथल्या पावणेसातला उतरून, इमिग्रेशनची रांग संपवून, पट्ट्यावरून बॅगा उचलून बाहेर यायला साडेआठ वाजतात. तेव्हा त्या बाईला उठून सत्तावीस तास झालेले असतात.

त्याच सहलीतल्या दादरच्या कुटुंबाने आदल्या दुपारी झोप काढलेली असते आणि रात्री नऊला टॅक्सी बोलावलेली असते. दोन्ही कुटुंबं एकाच बसमध्ये शेजारी-शेजारी बसतात आणि मॅनेजर दोघांनाही सांगतो की खोल्या दुपारी दोननंतर मिळतील, तोवर आपण अमुक मंदिर आणि तमुक बाग पाहू. दादरच्या माणसाला हा कार्यक्रम झेपतो. आपल्या माणसाला ते मंदिर नंतर आठवतसुद्धा नाही.

आता कंपनीची बाजू. ती मला लंगडी वाटत नाही. हॉटेलची खोली दुपारी दोनला देण्याची रीत जगभर आहे. सकाळी सातला खोली हवी तर आदल्या रात्रीचं भाडं भरावं लागतं, आणि चाळीस माणसांचं ते भाडं शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात चढतं. बस दिवसभरासाठी घेतलेली असते, ती उभी राहिली तरी पैसे लागतात. परदेशातला दिवस महाग, त्यात कुणाला आठच दिवसांची रजा मिळालेली. दुपारपर्यंत हॉटेलच्या लॉबीत बॅगांवर डोकं ठेवून बसवलं तर हीच माणसं तक्रार करतील की आम्हाला नुसतं बसवून ठेवलं. मॅनेजर मंडळी आणखी एक मुद्दा सांगतात: नव्या देशात उतरल्यावर दिवसाउजेडी हिंडलं-फिरलं की शरीराचं घड्याळ लवकर जुळतं. हे खरं आहे. युरोपला जाताना उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, तिथे हा सल्ला उपयोगी पडतो. थायलंड, सिंगापूर, दुबई यांच्या बाबतीत मात्र तो फारसा लागू होत नाही. दीड-अडीच तासांनी शरीराचं घड्याळ कितीसं बिघडणार? तिथला थकवा निव्वळ जागरणाचा असतो, आणि जागरणावर झोपेखेरीज औषध नाही.

शिवाय सहल विकत घेताना आपण काय पाहतो, तेही मान्य करायला हवं. दोन कंपन्यांच्या पत्रिका समोर ठेवून आपण ठिकाणं मोजतो. हिच्यात चौदा आहेत, तिच्यात अकरा, मग ही स्वस्त पडली. ज्या कंपनीने पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे 'विश्रांती' असं छापलं, ती या मोजणीत मागे पडते. गिऱ्हाईक ठिकाणं मोजत राहील तोवर कंपन्या पहिला दिवसही ठिकाणांनीच भरतील. दोष एकट्या त्यांच्या माथी मारून चालणार नाही.

पंढरीच्या वारीचा पहिला दिवस या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तुकोबांची पालखी देहूच्या देवळातून प्रस्थान ठेवते आणि पहिला मुक्काम देहूतच, इनामदारवाड्यात करते. माउलींची पालखी आळंदीत देवळाबाहेर पडते आणि त्या रात्री आळंदीतच, आजोळघरी विसावते. दिंड्या तिथवर कुठून कुठून आलेल्या असतात, मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून. पहिल्या दिवशी फक्त निघायचं, खरी चाल दुसऱ्या दिवसापासून. त्यामागचं कारण परंपरेचं असेल. पण लांबून आलेल्या माणसाला त्यामुळे एक रात्र मिळते, सोबतचे चेहरे ओळखीचे होतात आणि पाय मोकळे होतात. वारकऱ्यांना जे पिढ्यानपिढ्या जमलं आहे, ते विमानाने जाणाऱ्या चाळीस माणसांना का जमू नये?

मग कुणी म्हणेल, ग्रुपच्या मागे कशाला लागायचं? आपलं आपण जावं, हवं तेव्हा झोपावं, हवं तेव्हा उठावं. हा पर्याय आता पूर्वीसारखा अवघड राहिलेला नाही. हॉटेल फोनवर ठरतं, टॅक्सी फोनवर येते, परकी भाषा फोनच बोलून दाखवतो. नवरा-बायको दोघंच असतील, दोघंही चालते-फिरते असतील, तर मी त्यांना हाच मार्ग सुचवेन. एखादं ठिकाण आवडलं तर तिथे दोन तास जास्त थांबता येतं, आणि ग्रुपमध्ये नेमकं याच सुखाला मुकावं लागतं.

आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं अशी सहा माणसं निघाली की चित्र पालटतं. कुणातरी एकाला सगळं अंगावर घ्यावं लागतं, आणि तो बहुधा मुलगा किंवा सून असते. पासपोर्ट त्याच्याकडे, तिकिटं त्याच्याकडे, टॅक्सीवाल्याशी तोच बोलणार, शाकाहारी जेवण कुठे मिळेल ते तोच शोधणार. सगळी सहल त्याची मान फोनमध्ये खाली असते. ज्या मुलाने आई-वडिलांना जग दाखवायला म्हणून पैसे साठवले, त्याला आईशेजारी बसून खिडकीबाहेर पाहायला वेळ मिळत नाही. ग्रुप टूरची फी मला सगळ्यात जास्त पटते ती यासाठी. ती भरल्यावर मुलगा मुलगाच राहू शकतो. आणि घराघरांतली आणखी एक गोष्ट: 'बाबा, लवकर चला' हे मुलाने म्हटलं की बाबांना राग येतो, पण मॅनेजरने तेच सांगितलं की ते सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसतात.

इंग्लंडात थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं एकेका शिलिंगात रेल्वेने नेली, आणि त्याच दिवशी परतही आणली. तिथून सुरू झालेला हा व्यवसाय मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीचा व्हायला बराच काळ गेला. १९८४ मध्ये केसरी सुरू झाली, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि परक्या शहरात ताटात पडणारा वरण-भात, या दोन गोष्टींनी अनेक आजी-आजोबांना घराबाहेर काढलं. याचं मोल इंग्रजी येणाऱ्याला सहसा कळत नाही. पहिल्या दिवशी विमानतळावर तासभर उभं राहिलं की कळतं.

तिथे सरकता जिना असतो. लुगडं नेसलेली आजी त्याच्यापुढे येऊन थांबते. पायरी कुठून उगवते आणि पाऊल कधी टाकायचं, याचा अंदाज तिला येत नाही, आणि मागे रांग तुंबते. अनुभवी मॅनेजर अशा वेळी घाई करत नाही, तो तिला सरळ लिफ्टकडे नेतो आणि कुटुंबातलं एक माणूस सोबत देतो. पुढे सुरक्षा तपासणीत जोडवी वाजतात, पाटल्या हातातून निघत नाहीत. आणि मग इमिग्रेशनची खिडकी. कुटुंब बरोबर आलं तरी तिथे बहुतेक वेळा एकेकालाच पुढे बोलावतात. जन्मभर घराचा कारभार पाहिलेला माणूस काचेपुढे एकटा उभा असतो, समोरचा अधिकारी परक्या भाषेत काही विचारत असतो, आणि नांगर-खुरप्यावर झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही. तो अधिकारी 'पुन्हा ठेवा' अशी खूण करतो, पुन्हा ठेवतात, पुन्हा तेच. पुढे गेलेली नातवंडं वळून पाहत असतात. त्या दोन-तीन मिनिटांत त्या माणसाला काय वाटत असेल, याची ज्यांना कल्पना आहे त्यांनीच अशा सहली आखाव्यात. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून, काय विचारतील, कोणता कागद दाखवायचा, बोटं ओलसर पुसून कशी ठेवायची, हे मराठीत समजावून सांगितलेलं असलं तर हा प्रसंग निभावून जातो. अशा तयारीला लागणारा वेळ मात्र दहाला धावतपळत विमानतळावर पोहोचणाऱ्यांना मिळत नाही.

हॉटेलातही तेच. दाराला किल्लीऐवजी कार्ड असतं, आत गेल्यावर ते खाचेत घातल्याशिवाय दिवा लागत नाही, न्हाणीघरात नळ कोणत्या बाजूला फिरवला की गरम पाणी येतं ते कळत नाही, आणि युरोपात तर पाण्याऐवजी कागद. मुलाची खोली चौथ्या मजल्यावर आणि आई-वडिलांची नवव्या, असं पुष्कळदा होतं. शेजारच्या खोल्यांची मागणी बुकिंगच्या वेळीच लेखी द्यावी. ती मान्य होईलच असं नाही, पण ऐनवेळी काउंटरवर मागण्यापेक्षा शक्यता जास्त. हॉटेलचं नाव-पत्ता छापलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं, आजोबांच्या तर शर्टाच्या खिशात. चांगला मॅनेजर खोल्या वाटण्याआधी एक खोली उघडून सगळ्यांना दाखवतो. आम्ही कंपनी निवडताना ठिकाणांची यादी विचारतो, ही गोष्ट कुणी विचारत नाही.

पहिल्या दिवशी मॅनेजर कडक बोलतो आणि माणसं दुखावतात, हाही ठरलेला प्रकार. सकाळी एक कुटुंब वीस मिनिटं उशिरा आलं की तो सगळ्यांसमोर सुनावतो. युरोपात यामागे कायदा आहे. तिथे बसचा चालक सलग साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबलाच पाहिजे, दिवसात साधारण नऊ तासांपेक्षा जास्त त्याने चालवायचं नाही आणि रोज अकरा तासांची विश्रांती घ्यायची. गाडीत बसवलेलं यंत्र हे सगळं नोंदवतं, नियम मोडला तर दंड वेगळाच. म्हणून सकाळी गेलेली वीस मिनिटं संध्याकाळी भरून काढता येत नाहीत, एखादं ठिकाण गळतं. एवढं कारण पहिल्याच दिवशी शांतपणे समजावलं, तर आपली माणसं वेळेला पक्की असतात. एसटीची वेळ चुकली तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. समजावण्याऐवजी नुसता आवाज चढवणारा मॅनेजर मला मान्य नाही, त्याला कायद्याचा आधार असला तरी.

सामानाबद्दल थोडं. तुळजापूरला ओटी भरून निघालेलं कुटुंब प्रसादाचं सुकं खोबरं बॅगेत टाकतं आणि विमानतळावर ते अडतं, कारण त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका मानतात. कुंथलगिरीचा पेढा कुणा भाच्यासाठी जर्मनीला न्यायची इच्छा असते, पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. दिवाळीत दुबईला निघालेल्यांनी अनारसे घरीच ठेवावेत, कारण खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. मसाल्यातही ती असते, तेव्हा डबा भरण्याआधी पाहावं. त्याच देशाने २०२२ च्या नोव्हेंबरपासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांवर निर्बंध घातले आहेत. आपल्याकडे वयस्कर बायकांच्या कागदपत्रांवर आडनावाची जागा पुष्कळदा रिकामी असते, म्हणून हे बुकिंगआधी तपासलेलं बरं. धपाटे मात्र निर्धास्त न्यावेत आणि विमानात बसण्याआधी संपवावेत.

हे सगळं तोलून पाहिल्यावर माझा कौल असा. पहिल्यांदाच निघालेल्या, तीन पिढ्यांच्या कुटुंबाने ग्रुप टूरनेच जावं. पण बुकिंग करताना दोन वेळा लेखी मागाव्यात: विमान तिकडे किती वाजता उतरतं आणि खोली किती वाजता हातात मिळते. या दोन वेळांमध्ये सहा-सात तास असतील तर त्या काळात काय आहे, ते विचारावं. दुपारी उतरणारं विमान जरा महाग पडलं तरी वडीलधाऱ्यांसाठी ते घ्यावं. आणि मुंबईला एक दिवस आधी पोहोचावं. रात्री धाराशिवहून निघणारी रेल्वे सकाळी मुंबईत सोडते, दिवसभर कुणा नातेवाइकाकडे किंवा लॉजवर पडता येतं. गाडीनेच जायचं तर पनवेलला एक रात्र काढावी. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला आहे, तिथून परदेशी विमानं वाढली तर पनवेलचा मुक्काम आणखी सोयीचा होईल.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. एका रात्रीचं लॉज हे युरोपातल्या एका दिवसाच्या माणशी खर्चापुढे किरकोळ आहे. रजेचा आक्षेप जास्त खरा. नोकरदार मुलाला आणखी एक दिवस मागणं जड जातं, आणि दोन म्हशी दारात असतील तर धारा काढायला आणखी एक दिवस माणूस शोधावा लागतो. अशा वेळी सहलीतला एखादा दिवस कमी झाला तरी चालेल, पण आदली रात्र कापू नये. मधुमेहाच्या माणसाचं जेवण आणि इन्सुलिन यांची वेळ सांभाळायची असेल तर यात दुसरा विचारच नको.

जिल्ह्यातले एजंट मोठ्या कंपन्यांच्या सहली विकतात आणि त्यावर कमिशन घेतात. त्यांनी आपल्याकडची पाच-सहा कुटुंबं एकाच तारखेला जुळवून आदल्या दिवशीची गाडी आणि मुक्काम एकत्र ठरवला, तर खर्च वाटला जाईल आणि विमानात बसण्याआधी शेजारी ओळखीचा होईल. उमरगा-लोहारा भागाची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर, रस्ता सरळ, आणि विमानं तिथूनही सुटतात. पण हैदराबादहून निघणाऱ्या सहलीत मराठी मॅनेजर असेलच असं नाही. घरातली सगळी माणसं हिंदी-इंग्रजीवर निभावून नेणारी असतील तर त्यांनी खुशाल हैदराबाद धरावं. सोबत पहिल्यांदाच देशाबाहेर पडणारी आजी असेल, तर मी अंतरापेक्षा भाषेला जास्त किंमत देईन आणि मुंबईलाच जाईन, एक दिवस आधी.